दोन्ही टाचा, अनवाणी

"बस की," मामा म्हणाले. "लायसन हाय म्हणतीस न्हवं? मग बस."

मामा म्हणजे माझे सासरे, रिटायर हवालदार दिनकर नलावडे. उंची सहा फूट एक इंच आणि आवाज त्याच्याही वर. फौजेत वीस वर्षं त्यांनी मोटारसायकलवरून डाक पोचवली होती. गावी परतल्यावर त्यांनी स्वतःच्या मापाची गाडी घेतली, लाल टाकीची, डोंगर चढणारी. तिची सीट माझ्या कमरेला लागायची. घोटवाडीत तिला कुणी गाडी म्हणत नसे, हवालदाराचा उंट म्हणत.

मी चार फूट दहा इंच. लग्नात माळ घालून घ्यायला आमच्या ह्यांना वाकावं लागलं होतं, तो फोटो अजून भिंतीवर आहे.

संध्याकाळची वेळ होती. दूध डेअरीसमोर कॅन घेऊन पंधरा-वीस माणसं उभी होती. मी ओढणी कमरेला बांधली, पायदानावर पाय ठेवून वर चढले आणि बसले. तोवर मामांनी हँडल धरलं होतं. मग त्यांनी ते सोडलं. माझे पाय दोन्हीकडं लोंबकळत जमीन शोधत राहिले, गाडीनं डावीकडं मान टाकली आणि मी वैरणीच्या पेंढ्यांवर जाऊन पडले. मामांनी झेप घेऊन गाडी पकडली. मला नाही.

"हवालदार," डेअरीचे सचिव रंगराव खुर्चीतूनच म्हणाले, "सुनंला आधी एक शिडी घिऊन द्या."

सगळी हसली. मामांचा चेहरा लाल झाला. माझ्या पडण्यापेक्षा त्यांना ते हसणं लागलं असावं, कारण ते एकदम परेडच्या आवाजात बोलले.

"ऐका सगळी. ज्या दिवशी हिच्या दोन्ही टाचा जमिनीला टेकतील, त्या दिवशी किल्ली हिची. आन् अनवाणी. उंच चपला घालून फसवायचं काम न्हाय. हवालदार नलावड्याचा शब्द हाय."

रंगरावांना एवढ्यावर थांबवेना. त्यांनी मला पुन्हा गाडीवर बसवलं, खाली वाकून माझी टाच आणि जमीन यांच्यात बोटं धरून पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "चार बोटं." लग्न झालेल्या बाईची उंची चार बोटं वाढत नाही हे तिथल्या म्हशींनाही ठाऊक होतं.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली, पण तो राग अजून माझ्या चांगला लक्षात आहे. कारण मला गाडी मिरवायला नको होती. लग्नाआधी मी तीन महिने राहून जनावरांच्या कृत्रिम रेतनाचं शिक्षण घेतलं होतं. आमच्या खोऱ्यातल्या दूध संघाला अकरा वाड्यांसाठी असं माणूस हवं होतं आणि त्यांनी मला पत्र पाठवलं होतं. अट एकच, स्वतःची दुचाकी. माजावर आलेली गाय एसटीची वाट बघत बसत नाही. त्यातून त्या वाड्यांचे रस्ते असे की स्कूटर पहिल्याच चढाला दम टाकते. तिथं उंटच पाहिजे. पाडव्यानंतरच्या सोमवारी गाडीसकट हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला जायची. तो दुसरा म्हणजे रंगरावांचा भाचा. त्याच्याकडं गाडी होती, लायसन होतं आणि म्हैस व रेडा ओळखता येण्याइतकं ज्ञानही होतं.

पाडव्याला सहा आठवडे होते. ह्यांना फोन केला, ते तेव्हा सिक्कीमला होते. ते म्हणाले की आबांकडं, म्हणजे मामांकडं, एक वेळ त्यांचं मेडल माग, गाडी मागू नकोस. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरी थापता थापता एवढंच म्हणाल्या की त्यांनी शब्द दिला म्हंजी दगडावरची रेघ, आता ब्रह्मदेव आला तरी ते फिरायचे न्हाईत. मग मी विचार केला की शब्द फिरत नसेल तर न फिरो. मला चार बोटं वाढता येत नसतील, पण गाडीला चार बोटं कमी व्हायला कुणी मनाई केली होती?

दर गुरुवारी मामा आपली गाडी पाटणला इलाही मुजावरच्या गॅरेजमध्ये लावायचे आणि तिथून एसटीनं कराडला जायचे, फौजी कँटीन आणि जुन्या मित्रांकडं. परत यायला संध्याकाळ व्हायची. तोपर्यंत उंट इलाहीभाईंच्या ताब्यात. पहिल्याच गुरुवारी बाजाराची पिशवी घेऊन मी तिथं जाऊन उभी राहिले.

इलाहीभाई साठीचे, बारीक, आणि सगळ्या तालुक्याची गुपितं पोटात ठेवून बसलेले. कुणाची गाडी कुणाच्या दारात पंक्चर झाली हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले की सीटमधला फोम एक बोट कापता येईल. मागचे शॉकअप बदलून दुसऱ्या बुटक्या गाडीचे घातले की दीड बोट. झाली अडीच.

"आन् राहिलेलं दीड बोट?" मी विचारलं.

"ते अल्ला देईल," इलाहीभाई म्हणाले. "पन हे हवालदाराला कळलं तर मला पानं-पक्कडी आवरून गाव सोडाय लागंल."

मी त्यांच्याकडून शपथ घेतली की हे कुणालाही सांगणार नाही. त्यांनी ती लगेच घेतली. शपथ घ्यायचा त्यांना सराव असावा.

त्या गुरुवारी फोम कापला. मामा संध्याकाळी गाडीवरून घरी आले तेव्हा मी दारातच उभी होते. ते उतरले, सीटवर एकदा हात फिरवला आणि चहा मागितला. मी एवढा चांगला चहा आयुष्यात केला नसेल.

पुढच्या गुरुवारी मागचे शॉकअप बदलले. इलाहीभाई तेव्हा म्हणाले की मागनं खाली घेतलं की पुढनंबी घ्यावं लागतं, त्याचं बघू. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी विचारलं, तर ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "ते झालं. इचारू नका." पैसेही घेतले नाहीत. मला वाटलं माझी दया आली असेल. मग त्यांनी तोंड उघडलं, "सूनबाई, एक सांगू का?" आणि माझ्याकडं बघून पुन्हा मिटलं. "नको. ऱ्हाऊ द्या."

गाडी खाली आली तसे मामांचे गुडघे वर आले. आता ते चालवताना गुडघे हँडलला लागतील की काय असं वाटायचं. गावात लोक विचारायला लागले, "हवालदार, गाडी धुतली आन् आकसली व्हय?" मामा म्हणायचे की माणूस म्हातारपणी वाकतो, गाडीला काय झालं वाकायला. घरी आले की ओसरीवर पाय पसरून बसायचे आणि म्हणायचे, "गुडघं धरल्यात गं वैजू." मग मी तेलाची वाटी घेऊन बसायची. गुडघे चोळताना मान वर करायची माझी हिंमत होत नसे. एका संध्याकाळी तर ते दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहिले आणि मला डोक्यावर खडूनं खूण करायला लावली.

"मी वाढाय लागलोय का काय बघ," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "आजकाल सगळं बुटकं दिसतंय."

मी खूण केली, वळून स्वयंपाकघरात गेले आणि पदर तोंडात कोंबून हसले. हसून झाल्यावर लाज वाटली. म्हाताऱ्या माणसाला मी त्याच्याच घरात वेडं करत होते. दोन दिवस मी ठरवत होते की सांगून टाकावं. मग डेअरीत रंगरावांचा भाचा संघाची नवी कोरी बॅग खांद्याला लावून फिरताना दिसला आणि माझी लाज जागच्या जागी वाळली.

आणखी एक गोष्ट तेव्हा मी पाहिली आणि सोडून दिली. मामांनी गाडी अंगणात स्टँडवर लावायची बंद केली होती. आता ते ती गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवत. मला वाटलं गुडघ्यांमुळं असेल.

पाडव्याला आमच्याच अंगणात, रंगरावांसमोर, माझ्या टाचा पुन्हा बघायच्या असं ठरलं होतं. पाडवा आठवड्यावर आला आणि मी घाबरले. मामा गावकीच्या बैठकीला गेले असताना मी गाडीवर चढून बसले, तोच आत्या परसातून आल्या. त्यांनी गाडीकडं पाहिलं, माझ्या पायांकडं पाहिलं.

"किती ऱ्हायलंय?" त्यांनी विचारलं.

मला उडी मारून उतरायचं सुचलं, टाचा बघायचं सुचलंच नाही. मी माझ्या हिशोबानं दीड बोट म्हणाले. त्यांनी पुढं काही विचारलं नाही, कसं म्हणून नाही की कधीपासून म्हणून नाही. फक्त म्हणाल्या, "गाडी खाली यीत नसंल तर अंगण वर येऊ दे."

पाडव्याआधी अंगणाची डागडुजी आमच्याकडं दरवर्षी व्हायची. मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, चोपायचं आणि वरून शेणानं सारवायचं. त्या वर्षी आत्यांनी एक गाडाभर मुरूम आणवला. जिथं रंगरावांसमोर परीक्षा व्हायची ठरली होती तिथं त्यांनी दोन्ही अंगांना दोन-दोन बोटं मुरूम चोपला आणि मधली चाकांची वाट तेवढी जुन्या पातळीला ठेवली. वरून असं सारवलं की डोळ्यांना काही कळू नये. मामा संध्याकाळी येऊन अंगणात उभे राहिले, पायानं जरा दाबून पाहिलं आणि म्हणाले की यंदा अंगण झ्याक झालंय. आत्या म्हणाल्या, व्हय.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभी राहिली आणि कडुलिंब-गुळाच्या निमित्तानं अर्धी घोटवाडी आमच्या अंगणात जमली. इलाहीभाई पाटणहून आले होते आणि कोपऱ्यात उगाच चष्मा पुसत होते. रंगराव स्वतःची प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले. येताना डेअरीच्या पावतीपुस्तकातल्या दोन कोऱ्या पावत्याही आणल्या होत्या. त्यांनी नियम सांगितला की बसल्यावर प्रत्येक टाचेखाली पावती ठेवायची, ओढून निघाली तर टाच टेकली नाही. तसा मुद्दा बरोबर होता. माणूस कावेबाज असला तरी बावळट नव्हता.

मामांनी गाडी भिंतीकडून आणून मधल्या वाटेवर उभी केली आणि हँडल धरलं. मी चपला काढल्या. संघाचं पत्र घडी करून मी कमरेला खोचलं होतं. त्यातला सोमवार परवावर आला होता.

मी पाय टाकून बसले आणि मामांनी हात सोडला.

माझ्या टाचा टेकल्या. नुसत्या टेकल्या नाहीत, गुडघे वाकले. म्हैस पिळायला पाटावर बसावं तशी मी त्या उंटावर बसले होते. मला काही कळेना. अडीच बोटं माझी, दोन आत्यांची, म्हणजे कसंबसं पुरायला हवं होतं. हे वरचं कुठून आलं?

रंगरावांनी डाव्या टाचेखालची पावती ओढली, ती फाटली. उजवीकडची अर्धी हातात आली. ते तुकड्यांकडं बघत राहिले आणि मागून कुणीतरी टाळी वाजवली.

मी खाली उतरले. त्या आनंदात मी गाडी भिंतीकडं नेली नाही, सरळ स्टँड पाडला, गाडी त्यावर टेकवली आणि मामांच्या पाया पडायला दोन पावलं पुढं गेले. मागं लोक "अरारा" म्हणाले. वळून बघते तर खाली आलेली गाडी जुन्याच लांबीच्या स्टँडवर ताठ उभी होती, जराही कललेली नाही. मग ती हळूच उजवीकडं झुकली आणि रंगरावांच्या खुर्चीवर आडवी झाली. रंगराव पावती ओढायला उठले होते म्हणून वाचले. खुर्ची वाचली नाही.

मामा कोपऱ्याकडं वळून ओरडले, "इलाही, तुला सांगितलं हुतं ना, आजच्या आधी स्टँड काप म्हणून?"

बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. मी इलाहीभाईंकडं बघितलं. सहा आठवडे पोटात दाबलेलं त्यांच्या तोंडातून एकदम बाहेर आलं.

"किती कापू?" ते म्हणाले. "तुमी दोघांनी मला शपथा घातल्या. सकाळी सूनबाई येऊन मागनं खाली घ्यायला सांगणार, संध्याकाळी तुमी येऊन पुढनं खाली घ्यायला सांगणार. वर सीट आनखी एक बोट काप म्हणणार. सूनबाईंच्या मापानं स्टँड कापला तर तुमचं कळतंय, तुमच्या मापानं कापला तर त्यांचं. मी कुणाच्या मापानं कापायचा?"

"आन् माझा मुरूम कुनी धरलाच न्हाय," आत्या दारातून शांतपणे म्हणाल्या.

पहिलं हसणारं माणूस कोण ते आठवत नाही, पण हसणं थांबायला बराच वेळ लागला. मी हसत नव्हते. मी मामांकडं बघत होते आणि ते गुढीकडं बघत होते.

"कधीपास्नं ठाऊक होतं तुम्हाला?" मी विचारलं.

"फोम कापला त्या सांजंपास्नं. फौजेत वीस वर्सं मोटारसायकलवर बसून काढली, एक बोट कळणार न्हाय व्हय मला?" मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "मागनं खाली घेतली आन् पुढनं तशीच ठिवली. नाक वर करून घाटात गेली असतीस तर पहिल्या वळणाला खाली गेली असतीस. म्हणून पुढनं मी घेतली."

म्हणजे ते गुडघे, ते तेल, ती चौकटीवरची खडूची खूण. महिनाभर मी त्यांना वेडं करत होते असं मला वाटत होतं आणि ते बसून माझ्याकडून पाय चोळून घेत होते. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

रंगरावांनी मात्र शुद्ध हरवली नव्हती. ते म्हणाले की ही सरळ लबाडी आहे, गाडी कापून पैज जिंकता येत नाही, संघाला हे कळवायला लागेल.

मामांनी आडवी गाडी एका हातानं उचलली आणि किल्ली काढली.

"मी काय म्हणालो हुतो?" त्यांनी सगळ्यांना विचारलं. "टाचा टेकल्या की किल्ली हिची. गाडी किती उंच पायजे त्याचं कायबी बोललो न्हवतो. शब्द खाली घेता यीत न्हाय, रंगराव. गाडी घेता येती." किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मग पुन्हा रंगरावांकडं वळून म्हणाले की खुर्ची भरून देईन.

दुपारी इलाहीभाईंनी स्टँड कापला, सगळ्यांसमोर, सगळ्यांची बोटं बेरीज करून. सोमवारी मी रेतनाच्या कांड्या ठेवलेलं नायट्रोजनचं भांडं मागं बांधून पहिल्या वाडीला निघाले. घाटातल्या पहिल्या वळणाला गाडी अशी वळली की मला मामांची आठवण आली.

एक गोष्ट मात्र मला नंतर उमगली. सहा फुटी माणसाला ती गाडी परत चालवता येणार नव्हती. मामांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी आपलं म्हटलं की जुने शॉकअप इलाहीभाईंकडं आहेत, सुट्टीच्या दिवशी परत घालता येतील. ते म्हणाले की गाडी म्हणजे काय सदरा आहे, सकाळी घातला नि रात्री काढला.

पुढच्या गुरुवारी त्यांना कराडला जायचं होतं. पाटणपर्यंत मी सोडते म्हटलं. ते मागं बसले. डेअरीसमोर म्हशी आडव्या आल्या म्हणून मी गाडी थांबवली. तीच डेअरी, तीच रांग, रंगराव नव्या खुर्चीत. मामांनी आपले लांबलचक पाय पायदानावरून खाली सोडले. गाडी आता एवढी बुटकी झाली होती की मागच्या सीटवर बसूनही त्यांचे दोन्ही पाय सपाट जमिनीला टेकले.

त्यांनी मागून माझ्या खांद्यावर टिचकी मारली आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वैजू, माझ्या टाचा टेकल्या. आण किल्ली."

मी मान न वळवता म्हणाले, "आधी बूट काढा, मामा."